गट कोण मारेल आणि फायनल कोण मारेल: मैदानाआधी अंदाज कसा बांधायचा

बैलगाडी शर्यतीच्या मैदानाचं पोस्टर लागलं की चहाच्या गाड्यावर, डेअरीत, वडापच्या जीपमध्ये एकच विषय असतो. यंदा कोण मारणार, म्हणजे पहिलं कोण येणार? उत्तर बहुतेक वेळा नावावर दिलं जातं. एखाद्या गाजलेल्या बैलाचं नाव निघालं की पुढचं बोलणंच संपतं. मी खटाव तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. जनावराचे दात, खूर आणि श्वास बघण्यात आयुष्य गेलं, त्यामुळं नावापेक्षा मी अंगाकडं जास्त बघतो. मला पक्कं कळलेलं एवढंच, की सकाळी गट मारणं आणि संध्याकाळी फायनल मारणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत. ज्याला यातला फरक दिसतो त्याचा अंदाज लागतो.

आधी दिवसाचा क्रम डोक्यात बसवा. माण-खटावपासून खाली कराड, वाळवा, तासगाव, आटपाडीपर्यंत आपल्याकडं गाड्या शेजारी-शेजारी सुटतात. एका तासात, म्हणजे पळायच्या एका पट्ट्यात, एक छकडा (हलकी गाडी), दोन बैल आणि एक ड्रायव्हर. सात-आठ गाड्यांचा एक गट धरा. गटात पहिली आलेली गाडी सेमीला जाते, सेमीतली फायनलला. मोठ्या मैदानाला गटच इतके असतात की गाड्या सोडायचा सकाळी पडलेला झेंडा दिवस मावळेपर्यंत पडतच राहतो. म्हणजे जी जोडी शेवटी गुलालात न्हाते ती त्या दिवसात तीनदा जीव लावून पळालेली असते. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळकडं घाटात, म्हणजे तिकडच्या शर्यतीच्या पट्ट्यावर, एकावेळी एकच गाडा सुटतो आणि सेकंदावर नंबर लागतो. तिकडचा हिशेब इथं लावू नका.

वही

पुण्याला रेसकोर्सवर घोड्यांच्या शर्यतीचं छापील पुस्तक मिळतं. घोड्याच्या पाठीवर वजन किती, जॉकी कोण, सुटायची जागा कुठली, मागच्या शर्यतींत कितवा आला, सगळं त्यात असतं. बैलांचं असं पुस्तक कुणी छापत नाही, ते आपणच करावं लागतं. एक दोनशे पानी वही घ्या. आता जवळपास प्रत्येक मोठं मैदान मोबाईलवर लाईव्ह दिसतं, त्यामुळं घरी बसूनही ती भरता येते.

वहीत बैलाच्या नावाचं पान उघडू नका, जोडीच्या नावाचं उघडा. डावीकडं कोण जुंपला होता, उजवीकडं कोण, मैदान कुठलं, रान कसलं होतं, कितव्या तासातून पळाली, गटात राहिली की सेमीला की फायनलला. आणि हरली असेल तर का हरली, हे एका ओळीत. सगळ्यात जास्त उपयोग याच शेवटच्या ओळीचा होतो. "सुट्टीला (म्हणजे सुटताना) मागं राहिली", "निम्म्यातून उजवीकडं ओढली", "शेवटच्या टप्प्यात दम गेला", "शेजारची गाडी आडवी आली" ही चार कारणं एकसारखी नाहीत. शेजारची गाडी आडवी आल्यामुळं हरलेली जोडी पुढच्या मैदानाला पहिली येऊ शकते. शेवटच्या टप्प्यात दम गेलेली जोडी तेवढ्याच पल्ल्याला परत तशीच हरण्याची शक्यता जास्त.

व्हिडिओ बघताना आवाज बंद करा. निवेदक आपलं काम चोख करतात, मैदानाला रंग त्यांच्यामुळंच येतो, पण गाजलेल्या बैलाचं नाव ते इतक्या वेळा घेतात की आपले डोळेही त्याच तासावर चिकटतात. आवाज बंद असला की दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर सरळ रेषेत, न हलता पळणारी जोडी दिसते. पुढच्या महिन्यात फायनल मारणारी गाडी पुष्कळदा तीच असते.

जुन्या आठवणींवर भिस्त ठेवू नका. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती बंद झाल्या, १६ डिसेंबर २०२१ ला परत परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. मधली सगळी वर्षं मोकळी गेली. आज तुमच्यासमोर पळणारी बहुतेक खोंडं त्यानंतरची आहेत. अमक्याच्या दावणीचं रक्त चांगलं हे खरं, पण रक्त चांगलं म्हणून खोंड उन्हात तीनदा पळेलच असं नाही.

जोडी बघायची ती अशी

दोन बैल एका जुवात आले की त्यांचा वेग एकच होतो, आणि तो कमी पळणाऱ्याचा असतो. उजवा बैल फार चपळ आणि डावा जरा मंद असेल तर जू तिरकं होतं, उजवा पुढं काढतो आणि गाडी डावीकडं वळायला लागते. ड्रायव्हरचं निम्मं लक्ष कासऱ्यात जातं. गाडी आपला तास सोडून शेजारच्यात घुसली तर पहिली येऊनही निकालात बसत नाही. म्हणून एक अफाट आणि एक बरा अशा जोडीपेक्षा मला दोन सारखे चांगले बैल पसंत पडतात. व्हिडिओत जुवाकडं बघा. पूर्ण पल्ला जू आडवं सरळ राहिलं तर त्या गाडीच्या नावापुढं खूण करा.

उंचीही बघा. एकाचं वशिंड दुसऱ्यापेक्षा बरंच वर असेल तर उंच बैलाच्या मानेवर जू नीट बसत नाही, बुटक्याच्या मानेवर ओझं जास्त येतं. पहिल्या पळीत, म्हणजे गटाच्या धावेत, हे कळत नाही. तिसऱ्या पळीपर्यंत बुटक्याचा खांदा दुखायला लागलेला असतो.

मग खांदा. प्रत्येक बैलाला लहानपणापासून एका बाजूची सवय लागलेली असते. काही मोजके बैल दोन्ही खांद्यांनी सारखे पळतात आणि त्यांच्या मालकाला पैऱ्यासाठी, म्हणजे दुसऱ्याच्या बैलाशी जोडी लावण्यासाठी, फोन थांबत नाहीत. बाकीच्यांची बाजू बदलली की चाल बिघडते. आपल्याकडं पैरा सतत बदलत असतो. एका गावचा बैल, दुसऱ्या गावचा बैल, दोन मालक फोनवर ठरवतात आणि थेट मैदानात जोडी जुंपतात. पोस्टरवर दोन मोठी नावं एकत्र दिसली की लोक गाडी फायनलला धरूनच चालतात. तुम्ही आधी विचारा: हे दोघं एकत्र किती मैदानं पळालेत? दोघांचीही सवय उजवीकडची तर नाही ना? त्यांच्या गावात कुणी ओळखीचं असेल तर सरावाचा फेरा एकत्र झाला का एवढं विचारून घ्या. कितीही मोठी नावं असली तरी नव्या पैऱ्याला मी पहिल्या मैदानात सेमीच्या पुढं धरत नाही.

आता दात. आदत म्हणजे दुधाच्या दातांचा. खालच्या जबड्यात पुढं आठ दात असतात, वर पुढचे दात नसतातच. साधारण दोन-अडीच वर्षांचा झाला की मधली जोडी पडून पक्के दात येतात, तो दुसा. मग चौसा, सहादाती, आणि साडेचार-पाचच्या आसपास आठही पक्के दात येऊन जुळतो. आदतच्या मैदानात सगळे कोवळे, तिथं सुरुवातीचा वेग निर्णायक ठरतो. ओपनला, म्हणजे सगळ्या वयांच्या मैदानाला, मात्र दुसा आणि जुळलेला समोरासमोर येतात. दुसा खोंड सकाळच्या गटात डोळे दिपवतो. त्याच्या अंगात चपळाई आहे, पण छाती अजून भरलेली नाही. चढाचं मैदान असेल किंवा पल्ला लांब असेल तर संध्याकाळी मी चौसा, सहादातीकडं झुकतो. दात बदलायच्या दिवसांत काही खोंडं चारा कमी खातात, अंगानं उतरतात. दोन महिन्यांमागं धडाधड पळणारा दुसा अचानक मंदावला असेल तर मालकाला वैरणीबद्दल विचारा, उत्तर तिथंच मिळतं.

खिल्लार जातीचा असला की सगळे सारखेच, हाही गैरसमज काढून टाका. आटपाडी महालातला आणि म्हसवडकडचा, दोन्ही आपलेच, दोन्ही काटक. पण एकाच खोंडवाड्यातला एक लांब ढांग टाकतो तर दुसरा जवळजवळ पावलं टाकत भरभर उचलतो. लांब ढांगेच्या बैलाला वेग धरायला वेळ लागतो आणि शेवटी तो आवरत नाही. भरभर उचलणारा सुट्टीलाच पुढं असतो. दोघांना एकत्र जुंपलं तर दोघांचीही गंमत जाते. एकाच चालीचे दोन बैल हवेत.

ड्रायव्हरबद्दल थोडक्यात. हलका असावा, शांत असावा, आणि त्यानं ही जोडी आधी हाकलेली असावी. काठी, चाबूक, शॉक या सगळ्याला नियमानं बंदी आहे आणि ती असायलाच पाहिजे. ज्या जोडीला पळायला भीती लागते ती जोडी तिसऱ्या पळीला थांबते, हे मी नोकरीत आणि नोकरीनंतरही बघत आलोय. आवाजावर पळणारा बैल संध्याकाळीही पळतो.

रान आणि तास

आदल्या दिवशी जमलं तर मैदान चालून या. बूट काढून, अनवाणी. माण-खटावचं रान मुरमाड, पायाला टणक लागतं, चाक वर राहतं. कृष्णाकाठी, वाळवा-मिरजेकडं काळं रान. ते कोरडं असेल तर ठीक, पण आठवड्यात पाऊस झाला असेल तर खूर रुततो आणि चाकाला माती धरते. मुरमावर वाढलेली हलकी, चपळ जोडी काळ्या रानात पहिल्या पन्नास पावलांतच दमलेली मी पाहिली आहे. उलट ऊसपट्ट्यातले अंगानं भरलेले बैल टणक रानावर खूर दुखून पाय आखडतात. म्हणून वहीत रानाचा रकाना ठेवायला सांगितला.

मैदान चढाला आहे की उताराला, ते निशाणाच्या, म्हणजे पल्ला संपतो त्या, बाजूनं सुट्टीकडं तोंड करून बघितलं की कळतं. सुट्टीकडून बघितलं तर फसगत होते, सगळं सपाटच वाटतं. नियमाप्रमाणं पल्ला हजार मीटरच्या आत असतो, पण प्रत्यक्षात प्रत्येक मैदानाचा पल्ला वेगळा. शेवटचा टप्पा चढाचा असेल तर सुट्टीला मागं राहणाऱ्या लांब ढांगेच्या जोड्यांना पुढं धरा.

तास चिठ्ठीनं मिळतो, त्यात कुणाचं काही चालत नाही. कडेच्या तासाला माणसं लागून उभी असतात, शिट्ट्या, कालवा, मोबाईल वर धरलेले हात. गर्दीला बुजणारा बैल कडेच्या बाजूला जुंपलेला असेल तर तो आत ओढतो. म्हणून कडेचा तास निघाला की पहिला प्रश्न हा, की गर्दीच्या बाजूचा बैल कोण? मोठ्या मैदानांना सरावलेला असेल तर काही बिघडत नाही, काही बैल तर माणसांच्या कडेनं जास्तच पळतात. पहिल्यांदा मोठं मैदान बघणारा आदत असेल तर मात्र त्या गाडीवर फुली मारा.

आता मैदानातली एक युक्ती. पहिल्या गटापासून फक्त एक आकडा लिहीत जा: या गटात कुठल्या तासातली गाडी पहिली आली. बाकी काही नाही. माझी नात माझ्याशेजारी बसून हेच लिहिते. दहा-बारा गट झाले की कागद बोलायला लागतो. तीन आणि चार नंबरच्या तासातून सारख्याच गाड्या येतायत, सातमधून एकही नाही, असं दिसलं तर रानातच काहीतरी आहे. कुठं दगडाचा उंचवटा असतो, कुठं भुसभुशीत पट्टा, कुठं टँकरनं पाणी जास्त मारलेलं. दुपारनंतर तर चाकांनी आणि खुरांनी काही तास इतके उकरले जातात की चाक आत बसतं. सेमीच्या चिठ्ठ्या निघाल्या की हा कागद समोर धरा. दोन तोडीस तोड जोड्यांमध्ये निवड करायची वेळ आली तर चांगल्या तासातली घ्या.

सकाळी बैलतळावर

बैल टेम्पोतून उतरताना बघायला मिळाला तर फार उत्तम. रात्रभर सोलापूर किंवा पुण्याकडून उभ्यानं आलेला बैल उतरल्यावर पाय झाडतो, मग ताठ चालतो. तासाभरात मोकळा झाला तर काळजी नाही. चालताना पुढचा एक पाय टेकला की मान वर उचलत असेल तर त्या पायात दुखणं आहे. मान हलली की ती गाडी यादीतून काढा, मालक काहीही सांगो. असा बैल पळवूच नये, आणि तपासणीला आलेल्या डॉक्टरांच्या नजरेला ते आणून द्यावं.

नाकपुडी ओली, दव पडल्यासारखी हवी. कोरडी, गरम नाकपुडी म्हणजे ताप किंवा ताण. खांद्यावर जू बसतं तिथं हात फिरवायची मालकानं परवानगी दिली तर फिरवा. सूज किंवा गरमपणा लागला तर ती जोडी एक पळ पळेल, तीन पळणार नाही. पोट फुगलेलं नको. सकाळी भरपूर हिरवं खाल्लेला बैल जड होतो. आणि सगळ्यात भरवशाचं लक्षण म्हणजे रवंथ. एवढ्या गोंगाटात, भोंग्याच्या आवाजात जो बैल डोळे अर्धे मिटून रवंथ करतोय, त्याच्या अंगातली ताकद वाया जात नाहीये. शेजारीच एखादा सारखा खुरानं माती उकरत, दाव्याला झटके देत, घामानं मान भिजवून उभा असतो. लोक म्हणतात, काय तेज आहे बघा. ते तेज सकाळीच खर्च होतंय.

सुट्टीलाही हेच बघायचं. एक-दोन माणसांनी धरल्यावर शांत उभी राहते ती गाडी, की पाच-सहा जणांना लोंबकळावं लागतं ती गाडी? झेंडा पडायच्या आधी एखादी गाडी सुटली की सगळ्यांना परत वळावं लागतं. असं दोनदा-तीनदा झालं तर उतावळी जोडी निम्मी पळ तिथंच पळून जाते. त्या गटात शांत जोडीला एक पायरी वर धरा.

गट आणि सेमीच्या मधला वेळ

अंदाज बांधणारे बहुतेक लोक गट संपला की जेवायला जातात. खरं बघायचं ते आत्ता सुरू होतं. गट मारलेली जोडी परत येते तेव्हा तिच्या मागं तळावर जा. गाडीला हात लावायचा नाही, मधे यायचं नाही, दहा-पंधरा पावलांवर उभं राहायचं. हातात घड्याळ. बैलाच्या कुशीकडं बघा, बरगडीच्या मागं जो खड्डा असतो तिथं श्वास स्पष्ट दिसतो. अर्धा मिनिट मोजा, दुप्पट करा. सावलीत निवांत उभ्या बैलाचा श्वास मिनिटाला साधारण पंधरा ते तीस असतो. पळून आल्यावर तो कितीतरी पट वाढलेला असणार, ते काही वाईट नाही. बघायचं एवढंच की उतरतो किती लवकर. आल्याबरोबर मोजा, दहा मिनिटांनी मोजा, अर्ध्या तासानं मोजा. जोडीतल्या दोन्ही बैलांचं मोजा, कारण अर्ध्या तासात एक शांत झालेला असतो आणि दुसऱ्याची कूस अजून भात्यासारखी हलत असते. सेमीला गाडीचा वेग ठरवणार तो हाच दुसरा बैल, पहिला कितीही ताजा असला तरी.

तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळ लोंबते आहे असं दिसलं तर त्या बैलाला उन्हाचा त्रास होतोय. मार्च ते मे, जत्रांचा हंगाम, दुपारी बारा ते तीन. खिल्लार दुष्काळी भागातलं जनावर, ऊन सोसतं, पण त्यालाही हद्द आहे. असा बैल सेमीला जुंपू नये, असं मी मालकाला तोंडावर सांगतो आणि तुम्हीही सांगा.

मालक काय करतोय तेही बघा. जाणता मालक आल्याबरोबर जू उतरवतो, बैलाला हळूहळू चालवतो, सावलीत घेतो, पाय आणि मानेवर पाणी मारतो, प्यायला थोडं थोडं पाणी देतो. नवखा मालक बैलाला तसाच उन्हात उभा करून त्याच्यासोबत फोटो काढत बसतो, गुलाल उधळतो, आणि सेमीच्या तोंडावर भरली बादली पुढं ठेवतो. दोन तोडीस तोड जोड्यांमध्ये सावलीतल्या जोडीची सेमी निघते. तासाभरानं परत एक चक्कर मारा. रवंथ सुरू झाली असेल तर ती जोडी दुसऱ्या पळीला तयार आहे.

गटाचा नंबरही बघा. सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या गटात पळालेल्या जोडीला सेमीपर्यंत चार-पाच तास विसावा मिळतो. शेवटच्या गटातल्या जोडीला जेमतेम तास. चिठ्ठी निघतानाच हा फरक पडलेला असतो, पण पोस्टर बघून बोलणाऱ्यांच्या हिशेबात तो नसतो.

एक गट सोडवून बघू

समजा ओपनचं मैदान आहे, खटाव भागातलं मुरमाड रान, शेवटचा टप्पा थोडा चढाचा. दुपारच्या एका गटात सात गाड्या.

पहिल्या तासात दोन गाजलेले बैल, पैरा नवा, कडेला जुंपलेला बैल एरवी डावीकडं पळणारा आणि आज उजवीकडं. दुसऱ्यात दोन दुसे, मागच्या दोन मैदानांत गटात पहिले, सेमीला मागं. तिसऱ्यात एकाच दावणीची चौसा जोडी, वहीत सलग "सेमीला दुसरा, जू सरळ" असं लिहिलेलं. चौथ्यात वाळव्याकडची भारी जोडी, काळ्या रानात फायनल मारलेली. पाचव्यात आदत आणि जुळलेला असा पैरा. सहाव्यात कालच दुसऱ्या मैदानाला फायनल पळून आलेली जोडी. सातव्यात तुम्हाला काहीच माहिती नसलेली गाडी.

चौथीला रान मानवणारं नाही, तिला खाली ठेवा. सहावीचे पाय कालचे दमलेले, गट निघेल कदाचित, पण पुढं धरू नका. पाचवीत एक कोवळा आणि एक पक्का, चढावर जू तिरकं होणार. पहिलीचं नाव मोठं, पण नवा पैरा आणि बदललेला खांदा असं दोन्ही एकदम आलंय. उरल्या दुसरी आणि तिसरी. गटापुरतं बोलायचं तर दुसे सुट्टीला पुढं जातील आणि गट काढतीलही. फायनलचं विचाराल तर मी तिसरी धरेन. पण गटातून एकच गाडी पुढं जाते, मग इथं कुणाला धरायचं? शेवटचा चढ आणि सरळ जू यामुळं तरीही तिसरी, पण दुसऱ्या गाडीपेक्षा केसभरच वर. आता सातवी. जिच्याबद्दल काही माहिती नाही तिला हरलेली समजू नका. तिच्या नावापुढं जागा मोकळी ठेवा आणि सुट्टीला उभी असताना नीट बघून घ्या.

एवढ्या कारणांनंतरही दहा गटांतले निम्मे जरी बरोबर आले तरी वही चांगली भरली आहे असं समजा. बैल जिवंत प्राणी आहे, झेंड्याच्या क्षणी बाजूला एक पोरगं पळालं तरी चित्र बदलतं. आणि हा सगळा अंदाज मैदान रंगून बघण्यासाठी आहे. यावर पैसे लावणं कायद्यानं गुन्हा आहे, शिवाय पैशाच्या नादातच बैलाला न पेलणारी पळ पळवली जाते. माझ्याकडं कुणी त्यासाठी नावं विचारायला आला तर मी सांगत नाही.

फायनलला कुठं उभं राहायचं

पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतल्या मैदानासारखी गर्दी असली तर निशाणाजवळ जागा मिळत नाही आणि मिळाली तरी तिथून फक्त निकाल दिसतो. पल्ल्याच्या पाऊण अंतरावर, सुरक्षित बांधावर किंवा उंचवट्यावर थांबा. ज्या जोडीची तिथं ढांग आखूड झाली ती मागं पडणार. ज्या जोडीच्या माना खाली आणि पुढं ताणलेल्या आहेत, जू सरळ आहे आणि ड्रायव्हरचा कासरा सैल आहे, ती येणार. माना वर गेल्या म्हणजे दम संपला. फायनलला बहुतेक वेळा ऊन कलतीला आलेलं असतं. गाड्या मावळतीकडं पळणार असतील तर समोरच्या उन्हानं काही बैल डोळे चुकवतात आणि तासातून सरकतात. हे सकाळी गट बघून कळत नाही, कारण तेव्हा सूर्य पाठीमागं होता. दिशा आदल्या दिवशीच लिहून ठेवा.

फायनलला गाड्या सारख्याच आल्या तर पंच व्हिडिओ बघून निकाल देतात, कधी सामना, म्हणजे बरोबरी, जाहीर होतो. तोवर ओरडाआरड्यात पडू नका, तुमचं काम वेगळं आहे. फायनलला पोचलेल्या सगळ्या जोड्यांची तिसरी पळ कशी झाली ते तिथल्या तिथं लिहा. पहिली आलेली सगळ्यांच्या लक्षात राहते. पाचव्या-सहाव्या नंबरच्या गाडीपुढं कारण लिहा: तास उकरलेला होता, शेवटच्या गटातून आल्यामुळं विसावा कमी पडला, की खरोखरच दम संपला. मग जमलं तर परत एकदा तळावर जा आणि दोन्ही बैलांच्या कुशी मोजा. तिसऱ्या पळीनंतर अर्ध्या तासात ज्यांचा श्वास खाली आला त्या जोडीचं पान दुमडून ठेवा, पुढच्या मैदानाच्या यादीत सगळ्यात आधी तिचं नाव शोधायचं.